मागची बैठक

मोटारसायकल विकत घेणारा माणूस काय काय पाहतो, याचे मला मोठे कुतूहल आहे. तो रंग पाहतो, इंजिनाची ताकद विचारतो, एका लिटरला किती चालते याचा हिशेब मांडतो, टाकीवर बोटांनी टकटक करतो आणि जाता जाता आरशात स्वतःचे रूपही न्याहाळून घेतो. पण ज्या एका वस्तूशी त्याचा यापुढे अखंड संबंध यायचा, ती बसायची सीट मात्र तो दोनदा उसळ्या मारून, "झकास आहे!" म्हणून पास करून टाकतो. मुलगी पाहायला जावे, तिला गाणे म्हणायला लावावे आणि स्वभावाची चौकशी करायची तेवढी राहून जावी, त्यातलाच हा प्रकार. दुकानात दोन मिनिटे कोणतीही सीट चांगलीच लागते. तिची खरी परीक्षा पन्नास किलोमीटरनंतर सुरू होते, आणि तोवर दुकान फार मागे राहिलेले असते.

हे शहाणपण मला साठी उलटल्यावर सुचले, हे आधीच कबूल करून टाकतो. निवृत्त माणसाला लोक फुकट सल्ले फार देतात. मला कुणी विष्णुसहस्रनाम सुचवले, कुणी गच्चीवर वांगी लावायला सांगितली. मी मोटारसायकल घेतली. मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, हेल्मेट मात्र चांगलं घ्या, आणि दोन घ्या." ही काहीच बोलली नाही. आमच्या घरात ही काही बोलली नाही म्हणजे तिची संमती आहे, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. तो हिशेब किती चुकला होता, तेच मला आज सांगायचे आहे.

मोटारसायकलचे वेड माझ्या पिढीला लहानपणीच लागले. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, 1961 साली म्हैसूरला जावाचा कारखाना निघाला, आणि आम्ही शाळकरी पोरे लांबूनच नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायच्या पैजा लावू लागलो. ज्याच्या दारात फटफटी, तो माणूस आमच्या लेखी राजा. त्या राजाच्या मागे जी राणी बसलेली असे, तिचे कसे काय चालले आहे, हा विचार आमच्या डोक्यात कधी शिरला नाही.

पुढे मीही राजा झालो. 1986 च्या मे महिन्यात आमचे लग्न झाले. हिचे माहेर सावंतवाडीचे. पहिल्या दिवाळसणाला मी जुन्या बाजारातून घेतलेल्या मोटारसायकलवरून हिला घेऊन पुण्याहून निघालो. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी. साडेतीनशे किलोमीटरांच्या वर मजल. ही गोष्ट मी त्यानंतर किती वेळा सांगितली असेल याची गणतीच नाही. मुंजीत सांगितली, बारशात सांगितली, कचेरीच्या सहलीत सांगितली. त्या गोष्टीतला सर्वांना आवडणारा भाग म्हणजे हिची भाविकता. वाटेत एकही देऊळ हिने सोडले नाही. मारुती दिसला की, "थांबू या का जरा?" विठोबा दिसला की, "दर्शन घेऊन येऊ का?" कोल्हापूरला अंबाबाई तर झालीच, पण आजऱ्याच्या पुढे शेंदूर फासलेला एक दगड दिसला तरी ही म्हणाली, "अहो, जागृत स्थान दिसतंय." मी घरी परतल्यावर आईला मोठ्या अभिमानाने म्हणालो होतो, "आई, सून फार देवभक्त मिळाली हो तुला!"

तर निवृत्तीनंतर गाडी दारात आली आणि मी जाहीर केले, "यंदा भाऊबीजेला सावंतवाडी. आपण दोघंच. त्या वेळेसारखं, गाडीवरून!"

ही वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही या तुमच्या फटफटीवरून. मी एस. टी. नं येते."

"अगं, पण का?"

"मला ती सीट सोसत नाही."

"अजून बसलीसुद्धा नाहीस तू!"

"तेव्हा बसले होते ना," ही म्हणाली. "तेव्हाही सोसली नव्हती. तुम्हाला काय वाटलं, मला एवढी देवळं कशाला आठवत होती?"

घरात एकदम शांत झाले. वाटाणे तेवढे टपाटप पातेल्यात पडत राहिले. जवळजवळ चाळीस वर्षे मी जी गोष्ट प्रणयकथा म्हणून सांगत होतो, ती निम्म्या लेखकाने लिहिलेली होती. नवी नवरी, नेसूचे जरीचे लुगडे, त्यामुळे एका बाजूला पाय सोडून बसलेली. एक पाय कसाबसा टेकलेला, दुसरा लोंबकळता. एका हातात माझा खांदा, दुसऱ्या हातात पदर. सगळा भार एका अंगावर, आणि कंबर दिवसभर पिळलेली. तरी प्रत्येक देवळापाशी उतरून ही हात जोडत होती. काय मागत होती, ते आता माझ्या ध्यानात आले.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारले.

"तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली, आणि टरफले टाकायला उठून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी ठरवले की मागची बैठक अशी करायची की हिने एस. टी. चे नाव काढता कामा नये.

पुण्यात गाडीचे काहीही हवे असले की माणूस नाना पेठेत जातो. मीही गेलो आणि पहिली चूक केली. दुकानात सर्वांत जाड, सर्वांत मऊ आणि सोफ्यासारखी फुगलेली सीट होती, तिच्यावर माझे मन बसले. बोट लावले की कोपरापर्यंत हात आत जावा! मी ती बसवून घेतली, आणि एका रविवारी हिला आर्जवे करून वाईच्या गणपतीला नेले. शिरवळपर्यंत स्वर्ग. खंबाटकी घाट चढेपर्यंत भूलोक. वाईला पोचेपर्यंत मात्र आम्ही दोघेही पाताळात गेलो होतो. माझे पाय मुंग्यांचे वारूळ झाले होते. ही उतरली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "देव पावला."

दुसऱ्या दिवशी मी तणतणत नाना पेठेत गेलो. या वेळी मात्र शेजारच्या बोळात एक म्हातारे चाचा सीटच शिवत बसलेले दिसले. माझी कर्मकथा त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "साहेब, नरम सीट दुकानात चांगली. रस्त्यावर नाही."

मग त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते मला शाळेच्या पुस्तकात कोणी शिकवले नव्हते. माणूस बसतो तो मुख्यतः दोन हाडांवर. खूप मऊ फोममध्ये ही हाडे रुतत रुतत तळाच्या पत्र्यापर्यंत जातात, आणि भोवतीचे फुगलेले फोम मांड्यांना खालून दाबत राहते. रक्ताची वाट अडते, पायाला मुंग्या येतात. जरा टणक फोम असले, तर ते हाडांना खालून उचलून धरते. शिवाय बैठक रुंद असली म्हणजे भार अधिक जागेवर पसरतो. म्हणून सीट दाबून पाहायची ती बोटाने नव्हे. बसून पाहायची, आणि तीही अर्धा तास.

"आणि मागे कोण बसतं?" चाचांनी विचारले.

"आमच्या सौभाग्यवती."

"मग माप तुमचं कशाला घेऊ? त्यांना घेऊन या."

इतक्या साध्या बोलण्यात किती शहाणपण असते! शर्ट शिवताना आपण दुसऱ्याला माप द्यायला पाठवतो का? पण मागच्या सीटचे माप मी माझ्याच अंगावरून घेत होतो.

ही यायला तयार होईना. "माझी सीट मापायला मी नाना पेठेत जाऊ? लोक काय म्हणतील!" शेवटी चाचांनी घरी करायची एक युक्ती सांगितली. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ओट्यावर ठेवायचा, त्यावर गुडघे जरा उंच करून बसायचे आणि मिनिटभराने उठायचे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर म्हणजे आपल्या दोन हाडांतले अंतर. त्या संध्याकाळी फ्रिजच्या खोक्याचे दोन तुकडे कापून आम्ही उभयता ओट्यावर शेजारी शेजारी बसलो. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी दारातून डोकावल्या आणि तशाच परत गेल्या. त्यांना काय वाटले असेल ते असो. पट्टी लावून पाहिले तर हिचे अंतर माझ्यापेक्षा दोन बोटे जास्त! चाचा म्हणाले, "बायकांचं बहुतेक जास्तच असतं, साहेब." आणि आमच्या गाडीची मागची सीट तर पुढच्याहून अरुंद होती. वर ती पुढे उतरती असल्यामुळे प्रत्येक ब्रेकला ही माझ्या पाठीवर येऊन आदळत असे, आणि मी मनात खूश होत असे!

याच सुमारास कुणीतरी मला 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम दाखवले. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय टेकायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे निम्मे चाक तरी झाकलेले हवे, असे त्यात आहे. म्हणजे कायद्याने मागच्या माणसाच्या हाताचा विचार केला, पायाचा केला, पदराचासुद्धा केला. मधल्या भागाचा विचार बहुधा नवऱ्यावर सोपवला असावा!

चाचांनी मग मागची बैठक नवी केली. दोन्ही बाजूंनी थोडी रुंद, वरून सपाट, खाली टणक फोम आणि वर बोटभर मऊ थर. कातडे असे की घसरू नये, आणि शिवण अशा जागी की हाडाखाली येऊ नये. मागे कमरेला टेकण्यापुरती ठेंगणी पाठ. ही सीट पहिल्या दिवशी हिला कडक वाटली. मी म्हणालो, "पन्नास किलोमीटर थांब." हे वाक्य बोलताना मला फार बरे वाटले.

सीट झाली, आता राहिला वारा. तुम्ही म्हणाल, वाऱ्याचे ते काय? पण मोटारसायकलवर माणूस दमतो त्याचे निम्मे कारण वारा असतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. चाळीसच्या वेगाने जी झुळूक वाटते, तीच ऐंशीला छातीवर हात ठेवून ढकलू लागते. त्या ढकलण्याला तोंड देत माणूस दिवसभर हँडल ओढून धरतो, मग खांदे दुखतात, मान आखडते आणि कानात रात्रीपर्यंत घोंघावत राहते. पूर्वी आमच्या गल्लीतल्या स्कूटरींना पुढे मोठी पारदर्शक काच लावायची हौस असे. ती शोभेची वस्तू आहे अशी माझी समजूत होती.

मी पुन्हा तीच चूक केली. दुकानात गेलो आणि सर्वांत उंच काच घेऊन आलो. गाडी पुढून एखाद्या पेढीच्या दर्शनी खिडकीसारखी दिसू लागली. कात्रजच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गेलो तो काय शांतता! छातीवर वारा नाही, कानात आवाज नाही. मी मोठ्याने म्हणालो, "कसं वाटतंय?"

मागून उत्तर आले, "डोक्यात कुणीतरी ताक घुसळतंय!"

माझ्या डोक्यावरून गेलेला वारा पुढे कुठे जातो, याचा विचार मी केला नव्हता. काचेच्या वरच्या कडेवरून वारा उसळतो, आणि काचेमागच्या पोकळीकडे भोवरे घेत पुन्हा खाली वळतो. मागची बैठक पुढच्यापेक्षा उंच असते. त्यामुळे ते सगळे भोवरे नेमके हिच्या हेल्मेटवर थडकत होते. माझी शांतता हिच्या डोक्यावर चालली होती.

या वेळी मात्र मी लगेच विचारले, "मग काय करू या?" आणि गंमत अशी की या प्रश्नानंतर सगळे काम सोपे झाले. दुकानदाराने उंच काच बदलून आखूड दिली. तिच्या कडेला आम्ही पुठ्ठ्याची पट्टी चिकटपट्टीने लावली, अर्थात माझ्या नजरेच्या बरीच खाली राहील एवढीच. रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना ही मागे बसून हाताचा पंजा हळूहळू वर नेई. जिथे पंजा थरथरू लागे, तिथे वाऱ्याचे भोवरे. "अजून दोन बोटं खाली," ही सांगे. मी थांबून कात्रीने पुठ्ठा कापी. तीन रविवार हा उद्योग चालला. फिरायला निघालेले एक आजोबा थांबून म्हणाले, "कसली जाहिरात लावताय?" मी म्हटले, "संसाराची."

शेवटी उंची ठरली ती माझ्या हनुवटीच्या पातळीला, काच किंचित मागे कललेली आणि खालून चार बोटे फट सोडलेली. त्या फटीतून थोडा वारा आत येतो, त्यामुळे काचेमागची पोकळी भरून निघते आणि भोवरे मवाळ होतात. हेल्मेटला लागतो तो सरळ वारा. तो सोसतो, भोवरे सोसत नाहीत. शिवाय आपल्या हवेत वारा अगदीच बंद केला, तर मे महिन्यात माणूस काचेमागे उकडून निघेल.

आणखी एक गोष्ट कळली. ही काच आरपार पाहण्यासाठी नसते, तिच्यावरून पाहायचे असते. पाऊस आला की तिला वायपर नसतो, आणि रात्री समोरून दिवे आले की तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा चमकू लागतो. आमची काच पॉलिकार्बोनेटची आहे. ती सहसा फुटत नाही, पण तिच्यावर चरे लवकर पडतात. कोरड्या फडक्याने पुसली तर धूळच तिला घासून काढते. म्हणून मी तिला आधी पाण्याने भिजवतो, मग साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसतो. हिचे म्हणणे, इतक्या निगुतीने मी घरातला आरसा कधी पुसला नाही.

पाडव्याला सकाळी हिने मला ओवाळले. तबकात काय घालायचे हा दरवर्षीचा प्रश्न. गेल्या वर्षी मी चाचांनी दिलेला तो पुठ्ठ्याचा तुकडा, दोन खळगे असलेला, जपून ठेवला होता. तोच तबकात ठेवला. ही आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की निरांजन विझते की काय असे वाटले. जन्मात सोन्याची ओवाळणी बरीच झाली असेल, पण नाना पेठेची ही पहिलीच.

फराळाचा डबा बांधून आम्ही निघालो. आता ही पंजाबी ड्रेसमध्ये, दोन्हीकडे पाय टाकून, डोक्याला हेल्मेट आणि हेल्मेटातून चाललेली सूचनांची संततधार. उत्तम सीट असली तरी तासाभराने उतरून चार पावले चालायचे, हा चाचांचा नियम आम्ही पाळला. सीट कितीही चांगली असली तरी उठण्याला पर्याय नाही, असे ते म्हणाले होते. कोल्हापूरला मुक्काम केला. भाऊबीजेच्या सकाळी आजऱ्याचा रस्ता धरला. भात कापणीला आला होता, हवेत ओल्या गवताचा वास होता. वाटेत एक मारुती गेला. ही काही बोलली नाही. एक विठोबा गेला. मी आरशात पाहिले. हिने बसल्या बसल्याच हात जोडले आणि गाडी पुढे गेली. मला काय वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. प्रत्येक देवळामागे एक जुनी खूण पुसली जात होती.

आंबोलीला धुके होते. काचेवर बारीक थेंब जमले, आणि तिच्यावरून पाहत मी गाडी सावकाश चालवत होतो. हिरण्यकेशीचा फाटा आला. नदी जिथे गुहेतून उगम पावते तिथले हे देऊळ. 1986 साली हिने इथेही थांबायला लावले होते, आणि सासूबाईंकडे पोचायला आम्हाला रात्र झाली होती. मी आपणहून गाडी बाजूला घेतली.

"का थांबलात?" हिने विचारले.

"पाय मोकळे करायला," मी म्हणालो. "दुखत असेल ना?"

"छे, अजिबात दुखत नाही," ती म्हणाली, आणि तरीही उतरली. हेल्मेट काढून माझ्या हातात दिले, केस सारखे केले. "पण आता थांबलोच आहोत, तर चला. त्या वेळी नुसतीच पायरीवर बसून राहिले होते. देव बघायचा राहूनच गेला होता."

ती पुढे चालू लागली. मी दोन्ही हेल्मेटे हातांत घेऊन तिच्या मागून निघालो. मागे राहून कसे वाटते, ते पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.